नेहमीच्या सल्ल्याचा गट

पुण्यात चारचौघांत ‘मला शुगर निघाली’ असं सांगून बघा. वाक्य संपायच्या आत सल्ले सुरू होतात. कारल्याचा रस, रात्री भिजवलेले मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड. भात पूर्ण बंद, छे, भात चालतो, गहू बंद. गूळ चालतो, गूळ अजिबात चालत नाही. मध्यंतरी तर ‘तुम्ही दीक्षित की दिवेकर?’ हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारला जायचा. दिवसातून दोनदाच जेवायचं म्हणणारे आणि दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं म्हणणारे शेजारी शेजारी बसून जिलबी मात्र सारख्याच मायेने वाढून घ्यायचे. सल्ला देणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, माणसं आपुलकीनेच सांगतात. पण हे कशावरून, कुणावर करून बघितलं, आणि ज्यांनी हे केलं नाही त्यांचं पुढे काय झालं, असं त्या पंगतीत कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

त्यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर होण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे.

मधुमेह होण्याआधीच तो रोखता येतो का, यावरच्या एका अभ्यासात मी स्वयंसेवक आहे. अभ्यास अजून चालू आहे, निकाल लागायचाय, म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही. ज्यांची साखर नेहमीपेक्षा जास्त, पण मधुमेह म्हणण्याइतकी नाही, अशी माणसं त्यात घेतात. आपण त्यांना ‘बॉर्डरलाइन’ म्हणतो आणि निर्धास्त होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडिअॅब या देशव्यापी मधुमेह पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार देशात मधुमेह असलेले सुमारे 10.1 कोटी आणि हे काठावरचे 13.6 कोटी. निर्धास्त लोक जास्त आहेत.

मी बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेली बाई. उंची बेताची, वजन त्याहून बेताचं. आमच्याकडे आईला, दोन्ही मावश्यांना आणि आता दादाला मधुमेह आहे. यातलं कुणीही जाड नव्हतं. आई नऊवारीतसुद्धा एवढीशी दिसायची. ‘खात्यापित्या घरच्या जाड माणसांचा आजार’ ही समजूत आमच्या घरात तरी कधी टिकली नाही, पण मग बारीक माणसांना तो का होतो, हे सांगणारंही कुणी नव्हतं.

सांगणारा माणूस आमच्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर होता, हे मला फार उशिरा कळलं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या कोड्यामागे उभं आयुष्य घातलं. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा एक फोटो छापून आला. शेजारी शेजारी दोन डॉक्टर, एक स्वतः याज्ञिक, दुसरे ब्रिटनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी एकच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. बाहेरून सडसडीत, आतून चरबी जास्त. मला त्या फोटोत आकड्यांइतकंच हेही आवडतं, की नमुना म्हणून उभं राहायला संशोधकाने दुसरा कुणी शोधला नाही.

त्याआधीची गोष्ट जास्त मोठी आहे आणि ती बाळांची आहे. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केईएमच्या लोकांनी बायकांची वजनं-मापं घ्यायला सुरुवात केली, गरोदर होण्याच्याही आधीपासून. काय खातात, किती खातात, शेतात किती राबतात, सगळं टिपलं. बाळं जन्मली ती सरासरी 2.7 किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं 3.5 किलोची. आपली बाळं सगळ्या मापांत लहान. पोटाचा घेर कमी, दंड बारीक. फक्त कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे त्या फोटोतला प्रकार आपण जन्मतःच घेऊन येतो. पुढे हीच मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा दिसलं, की ज्यांच्या आईला गरोदरपणात बी-12 हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला दाद न देण्याचा, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारा, कल सगळ्यात जास्त होता. मग ती मुलं वयात आल्यावर त्यांना बी-12 देऊन त्यांच्या पुढच्या पिढीत काही फरक पडतो का, हे बघायचा प्रयोगही झाला.

आता या बायकांचा विचार करा. शेतातून घरी आल्यावर वहीपेन घेऊन कुणीतरी दारात उभं, ‘काल दिवसभरात काय काय खाल्लंत?’ यातून आपलं काय भलं होणार, हा प्रश्न त्यांनी विचारला असेल तर त्याचं खरं उत्तर ‘तुमचं नाही, कदाचित नातवंडांचं’ असं होतं. तरीही त्या आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं मापं द्यायला येत राहिली. ‘मी स्वयंसेवक आहे’ असं म्हणताना मला थोडं ओशाळल्यासारखं होतं ते यामुळे. माझ्या वाट्याला पंख्याखालची खुर्ची आणि येण्याजाण्याचं रिक्षाभाडं आहे.

तपासणीच्या आधी समन्वयक मुलीने फोनवर बजावलं होतं, “काकू, रात्री दहानंतर पाण्याशिवाय काही नाही. आणि उपाशी म्हणजे उपाशी हं, उपवासाचं खाऊन यायचं नाही.” मी हसले, तर म्हणाली, “हसू नका. चातुर्मासात एक आजी साबुदाण्याची खिचडी खाऊन आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, मी उपाशीच आहे, माझी एकादशी आहे.”

मधुमेहाची ही तपासणी तशी जुन्या पद्धतीची आहे. आधी उपाशीपोटी रक्त घेतात. मग 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांच्या आत प्यायला लावतात. चहात अर्धा चमचा साखर घालणाऱ्या माणसाला तो ग्लास संपवताना आपण कुठलं पाप केलं होतं हे आठवावंसं वाटतं. त्यानंतर दोन तास नुसतं बसायचं. फिरायचं नाही, खायचं नाही, तंबाखू-मिश्री नाही. दोन तासांनी पुन्हा रक्त. तेव्हा साखर 140च्या आत असेल तर ठीक, 200 किंवा वर गेली तर मधुमेह, आणि मधे सापडलात तर तुम्ही अभ्यासाच्या कामाचे. उपाशीपोटीचा आकडा साधा निघूनही दोन तासांचा चढलेला असू शकतो, आणि नुसती ‘फास्टिंग’ करून समाधान मानणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

त्या दोन तासांत माणसं फार छान कळतात. निवृत्त पीएमटी ड्रायव्हर होते, कोथरूडच्या एक शिक्षिका होत्या, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन मीटिंगमध्ये बसलेला एक हिंजवडीचा मुलगा, ज्याला बघून सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. या वयात? खालच्या अमृततुल्यातून वेलदोड्याचा वास जिन्याने वर येत होता. ड्रायव्हरकाका म्हणाले, “ताई, तीस वर्षं स्वारगेटला गाडी लावली की पहिला चहा. आज पहिल्यांदाच सकाळ अशी कोरडी गेली.” मीटिंगमधल्या मुलाने कानातलं यंत्र काढून “काका, प्लीज चहाचं नाव काढू नका,” असं म्हटलं आणि परत मीटिंगमध्ये गेला.

मग मापं. कमरेचा घेर आपल्याकडे बायकांसाठी 80 आणि पुरुषांसाठी 90 सेंटीमीटरच्या आत असावा असं मानतात. टेपवाली मुलगी ‘श्वास सोडा’ म्हणते तेव्हा पोट आत ओढून घेणारे पुरुष मी डोळ्यांनी पाहिलेत. चरबी मोजायच्या डेक्सा यंत्राखाली सपाट पडून राहायचं असतं, त्याचा हात वरून सावकाश सरकत जातो, त्याच्यापुढे पोट आत ओढून भागत नाही. माझ्या अहवालातला चरबीचा आकडा मी दादाला दाखवला. तो म्हणाला, “आईची मुलगी शोभतेस.”

सगळ्यात अवघड मात्र आहाराची मुलाखत. आहारतज्ज्ञ मुलगी टेबलावर वेगवेगळ्या आकाराच्या वाट्या, डाव, चमचे मांडते आणि विचारते, “तुमची आमटीची वाटी यातली कुठली?” कागदावर काढलेली वर्तुळं दाखवून पोळी केवढी ते विचारते. तेल महिन्याला किती लागतं, घरात माणसं किती, असा उलटा हिशेबही करते. माझ्या पुढच्या गृहस्थांना तिने विचारलं, “चार वाजता काय घेतलंत?” “नुसता चहा.” ती गप्प बसली. या मुलींना ही गप्प बसण्याची कला शिकवतात की काय कोण जाणे. थोड्या वेळाने गृहस्थ म्हणाले, “म्हणजे खारी होतीच बरोबर.” अजून थोडी शांतता. “दोन.” बाकरवडीपर्यंत यायला आणखी एक मिनिट लागलं.

सही करण्याआधी जे माहितीपत्रक देतात ते घरी नेऊन वाचावं, तिथेच उभ्याउभ्या सही करू नये, असं माझं मत आहे. आपल्या भाषेत ते मिळणं हा आपला हक्क आहे. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे उपचारांत काही फरक पडत नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. नीतिसमितीचा फोन नंबर असतो, आणि त्या समितीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी आणि साधी, वैद्यकाशी संबंध नसलेली माणसंही बसतात. सहीची एक प्रत आपल्याकडे राहते. अशा चाचण्यांची नोंद सीटीआरआय नावाच्या सार्वजनिक नोंदवहीत करतात. ती 2007 पासून आहे आणि कुणालाही उघडून वाचता येते. काय मोजणार हे आधीच तिथे लिहून ठेवलं, की निकाल मनासारखा आला नाही म्हणून तो गुपचूप बासनात गुंडाळणं अवघड जातं. बँकेत नोकरी केल्यामुळे मला ही आधी नोंद करण्याची शिस्त फार पटली.

त्या पत्रकातलं एक वाक्य दादाने बोट ठेवून वाचलं. ‘या अभ्यासात भाग घेतल्याने तुम्हाला थेट फायदा होईलच असे नाही.’

“मग कशाला जातेस?”

“तपासण्या फुकट होतात.”

“ते ठीक. पण कशाला जातेस?”

तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आईचं नाव घेतलं असतं तर तो गप्प बसला असता, म्हणून घेतलं नाही.

गट कुठला मिळणार हे संगणक ठरवतो. डॉक्टरांच्या हातात नसतं आणि आपल्या हातात तर नसतंच. एका गटाला दर आठवड्याला बैठका, आहाराचं शिक्षण, एकत्र चालणं, मधल्या दिवशी फोन. दुसऱ्या गटाला नेहमीचा सल्ला, म्हणजे छापील एक पान. भाज्या खा, चाला, तेल-साखर कमी करा, धूम्रपान टाळा. मला फोन आला, “काकू, तुम्ही नेहमीच्या सल्ल्याच्या गटात.” ती हे जपून, जरा मऊ आवाजात म्हणाली, त्यावरून या गटाला काय वाटतं हे त्यांना माहीत असावं. मला वाटायचं तेच वाटलं. इतकं सगळं करून हातात एक पान? ते तर दवाखान्याच्या भिंतीवरही लावलेलं असतं.

कोथरूडच्या बाई बैठकांच्या गटात गेल्या. त्यांची मंडळी पहाटे वेताळ टेकडी चढायला लागली, नाचणी-ज्वारीचे प्रयोग सुरू झाले. बाई मनाने मोकळ्या, म्हणाल्या, “आमची पुस्तिका पाठवू का व्हॉट्सअॅपवर? त्यात काय एवढं!” मी समन्वयक मुलीला विचारलं तर तिने अक्षरशः हात जोडले. एका गटाचं शिकलेलं दुसऱ्या गटात झिरपलं की दोन्ही गट सारखे दिसायला लागतात आणि चांगली पद्धतही निरुपयोगी ठरू शकते. चीनमधल्या दाचिंग शहरात 1986 साली जगातला या विषयावरचा एक पहिला मोठा अभ्यास सुरू झाला, तेव्हा त्यांनी यावर सरळ तोडगा काढला होता. एकेका माणसाची चिठ्ठी न काढता 33 दवाखान्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. एका दवाखान्यातल्या सगळ्यांना एकच गट, म्हणजे शेजारीण शेजारणीला काही सांगायला मोकळी. पुण्यात हे करायचं तर प्रत्येक पेठेला एक गट द्यावा लागेल आणि सदाशिव पेठेला नेहमीचा सल्ला मिळाला तर काय होईल याची कल्पना करवत नाही.

मी विचारलं, “मग मी चालू की नको?”

“चाला की, काकू! तुम्हाला कुणी अडवलंय? फक्त चाललात तर चालले लिहा, नाही चाललात तर नाही.”

हे ऐकायला सोपं आहे. तराजूच्या ज्या पारड्यात मी बसले आहे त्याचं काम स्थिर राहण्याचं. पण साखर माझी, आई माझी. मी चालते. सिंहगड रस्त्याच्या पदपथावर चालता येईल तेवढं, म्हणजे दुचाक्या, फळांच्या गाड्या आणि खोदकाम सोडून जेवढा उरतो तेवढ्यावर. आणि खरं लिहिते.

या पारड्याला किंमत काय, हे मला चेन्नईच्या आकड्यांनी समजावलं. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काठावरच्या 531 माणसांना चार गटांत वाटलं. निकाल 2006 साली छापून आले. ज्यांना विशेष काही दिलं नव्हतं, त्यांच्यातल्या 55 टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. निम्म्याहून जास्त! ज्यांच्या खाण्याचालण्याकडे लक्ष दिलं, त्या गटात हेच प्रमाण 39.3 टक्के. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी दिलेल्यांतही जवळपास तेवढंच, आणि दोन्ही मिळून दिलं तरी त्याहून जास्त फायदा नाही. आणखी एक नवल म्हणजे ज्यांनी खाणं-चालणं सुधारलं त्यांचं वजन जवळजवळ घटलं नव्हतं, तरी मधुमेह घटला. अमेरिकेत 2002 साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात राहणी बदलल्याने धोका 58 टक्क्यांनी कमी झाला होता, पण तिथल्या लोकांचा सरासरी बीएमआय 34 होता. तिथे वजन उतरवणं हाच मुख्य कार्यक्रम. आमच्या आईला वजन उतरवा म्हणून सांगितलं असतं तर तिने कुठून उतरवलं असतं? आपल्या माणसांचे आकडे आपल्याच माणसांत काढावे लागतात, ते असे.

बँकेतली सवय, मी कागद घेऊन हिशेब मांडला. शंभर माणसं धरा. काहीच केलं नसतं तर 55 जणांना झाला असता. लक्ष दिल्यावर 39 जणांना झाला. म्हणजे या 39 जणांनी सगळं करूनही त्यांना झालाच. उरलेल्या 61 पैकी 45 जणांना तीन वर्षांत तसाही होणार नव्हता, ते उगाच कारलं खात होते असंही म्हणता येईल. खरे वाचले ते मधले 16. पण हे 16 कोण? डॉक्टरांना सांगता येत नाही, संगणकाला सांगता येत नाही, खुद्द त्या सोळांनाही कधी कळणार नाही. वेताळ टेकडी चढणाऱ्या बाई तीन वर्षांनी साखर साधी निघाल्यावर म्हणतील, मी केलं म्हणून झालं. त्या 16 जणांतल्या असतील किंवा 45 जणांतल्या. आणि त्या 16 जणांचा नुसता आकडा तरी कळतो तो शेजारी ‘विशेष काही न दिलेला’ गट होता म्हणून. ते 55 टक्के लोक कागदावर एक ओळ आहेत. ते तपासणीला आलेच नसते तर 39 हा आकडा चांगला की वाईट, हेही कुणाला कळलं नसतं.

हे समजल्यापासून त्या एका पानाचं वाईट वाटणं बरंचसं कमी झालं. पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. बाईंचे टेकडीवरचे फोटो येतात तेव्हा परत थोडं वाटतं.

दुसरी एक गोष्ट मात्र डाचते. चेन्नईच्या त्या 531 मध्ये 421 पुरुष होते आणि फक्त 110 बायका. माणसं बरीचशी नोकरीच्या ठिकाणांहून घेतली होती, आणि तिथे पुरुषच जास्त असणार. आमच्या प्रतीक्षागृहात बायका पुष्कळ दिसतात, पण कुठल्या? सकाळचे तीन तास मोकळे असणाऱ्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या आईला मधुमेह, भावाला मधुमेह, त्यांचं स्वतःचं पोट सुटलेलं. मी त्यांना अभ्यासाबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, “ताई, सकाळची सहा घरं कोण करणार?” रिक्षाभाडं मिळतं, बुडालेल्या घरांचा पगार मिळत नाही. पैसे फार दिले तर ते आमिष होतं आणि माणूस पैशासाठी धोका पत्करेल, असं नियम करणाऱ्यांचं म्हणणं आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण मग निवृत्त बँकवाल्या बाईच्या रक्तावरून निघालेला निष्कर्ष मावशींना लागू करायचा, हेही चालूच राहणार. संध्याकाळी तपासणी ठेवता येत नाही, कारण रात्रभर उपाशी राहायचं असतं. रविवारी ठेवता येईल. तसं मी लेखी सुचवलं. रविवारी सिस्टर कुठून आणायच्या, हा प्रश्न उलट आला, आणि तोही रास्तच आहे. शेवटी एका रविवारी तात्पुरतं शिबिर झालं. मावशी आल्या, ग्लुकोज पिताना “चहात टाकलं असतं तर बरं लागलं असतं,” म्हणाल्या. त्यांची साखर मधुमेहाच्या हद्दीत निघाली, म्हणजे त्या अभ्यासातून बाद. पण निदान कळलं, आणि गोळी सुरू झाली.

निकाल लागल्यावर आम्हाला कळवणार का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. शोधनिबंध इंग्रजीत छापला जातो, डॉक्टर डॉक्टरांना सांगतात, आणि रक्त दिलेली माणसं वर्तमानपत्रातल्या बातमीत आपल्याला शोधत बसतात, तसं व्हायला नको होतं. तेव्हापासून दर खेपेला मी हे विचारते आणि समन्वयक मुलगी दर खेपेला वहीत लिहून घेते. आता त्यांनी कबूल केलंय, दोन्ही गटांना एकत्र बोलवून मराठीत सभा घ्यायची. तारीख ठरायला अजून अवकाश आहे, कारण शेवटच्या तपासण्या बाकी आहेत. पण इतक्या लोकांना बोलवायचं तर काहीतरी खायला ठेवायला हवं यावर सगळ्यांचं एकमत आहे, आणि काय ठेवायचं यावर आतापासून वाद सुरू झालाय. कोथरूडच्या बाई नाचणीची आंबोळी म्हणतात. ड्रायव्हरकाकांनी सामोसा सुचवला आणि तो सगळ्यांनी मिळून पाडला. माझं मत त्यांनी अजून विचारलेलं नाही. मी नेहमीच्या सल्ल्याच्या गटातली, त्यामुळे विचारतील असं वाटतही नाही.